पाखरांचा पत्ता

डिसेंबर उजाडला की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे निरोप येऊ लागतात. "काका, यंदा घुबड कुठे बसलंय? पिन टाका ना." पाठवणारा बहुधा ओळखीचा नसतो, ओळखीच्याच्या ओळखीचा असतो. पिन टाकायची म्हणजे फोनमधल्या नकाशावर जागा अशी नेमकी दाखवायची, की त्याची गाडी थेट घरट्यासमोर जाऊन उभी राहावी. मी उत्तर देतो, "रविवारी पहाटे साडेपाचला हडपसरला या. सायकल घेऊन या." यावर पुढचा निरोप सहसा येत नाही.

हा माझा शिष्टपणा आहे, असे आमच्या घरातही मत आहे. "माहिती काय तुमच्या तीर्थरूपांची आहे का?" असे एकदा मला सुनावले गेले. प्रश्न रास्त आहे. पाखरे कुणाच्या मालकीची नाहीत आणि ती बघण्याचा हक्क सगळ्यांना आहे. तरीही मी पत्ता सांगत नाही. एकदा सांगून पस्तावलो आहे आणि एकदा न सांगूनही पस्तावलो आहे. दोन्ही हकिगती सांगायच्या आहेत, पण त्याआधी थोडे सायकलीविषयी.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य आता इतके झिजले आहे की ते उच्चारताना संकोच वाटतो. मी सायकल चालवतो ती त्या आठवणीखातर नव्हे. पाखरे बघायला तिच्याइतके सोयीचे वाहन नाही, एवढाच माझा स्वार्थ. पायी निघालो तर सकाळ संपेपर्यंत शहराबाहेरही पडत नाही. मोटारीत काच, इंजिन आणि गाणी. सायकल तासाला बारा-पंधरा किलोमीटर जाते, कान मोकळे असतात, नजर कुंपणाच्या वर असते आणि वाटेल तिथे थांबता येते. डॉ. सालीम अलींनाही दुचाकीचे वेड होते, पण ते फटफटीचे. १९५० साली स्वीडनमधल्या उपसाला गावी पक्षिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल बोटीवर चढवून युरोपात नेली आणि तिच्यावर बसून स्वारी परिषदेला गेली. एवढ्या थोर माणसाशी वाद घालायची माझी छाती नाही. फटफटीवर चंडोल ऐकू येत नाही, इतकेच नम्रपणे म्हणतो.

सायकलीने मला एक गंमत शिकवली. विजेच्या तारेवर खाटीक पक्षी बसलेला असतो. डोळ्यांवर काळी पट्टी, चोच आकडीसारखी वळलेली. किडे, सरडे मारून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवायची त्याची सवय, म्हणून हे नाव. मी पायडल मारत त्याच्या अगदी खालून जातो, तेव्हा तो मान वळवून बघतो आणि बसून राहतो. मी ब्रेक दाबून एक पाय जमिनीवर टेकवला, की उडालाच. चालत्या सायकलीचे त्याला भय नाही, थांबलेल्या माणसाचे आहे. म्हणून थांबायचे ते त्याच्यापाशी नाही. पन्नासेक पावले पुढे जायचे, सावकाश उतरायचे, चेन बघितल्यासारखे करायचे आणि मग हळूच मागे वळायचे. हे कळायला मला दोन वर्षे लागली.

माझी नेहमीची फेरी हडपसरहून सोलापूर रस्त्याने कवडीपर्यंतची. हमरस्त्यावरचा भाग सांगण्यासारखा नाही. ट्रकच्या चाकांकडे बघत जीव मुठीत धरून जायचे. एकदा डावीकडे नदीच्या अंगाला वळले, की ऊस लागतो, कांदा लागतो, फुलकोबीचे वाफे लागतात आणि सगळी सकाळच बदलते. तारांवर कोतवाल असतात, वेडे राघू असतात. पाटाच्या कडेला परीट शेपूट हलवत पळत असतो. एखाद्या दिवशी वाळक्या फांदीवर मळकट तपकिरी रंगाचे काहीतरी बसलेले दिसते, ते उडते आणि पंखांतली निळाई अशी उलगडते की पायडल मारायचे राहून जाते. हा नीलपंख. काही घरांत दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात. भारद्वाज दिसला की आमच्या आईला बरे वाटत असे. तो उसातून लगबगीने रस्ता ओलांडतो आणि आपण शुभशकुन आहोत याची त्याला कल्पनाही नसते.

कवडीला मुळा-मुठेवर जुना दगडी बांध आहे. ही जागा सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तिचे नाव लिहायला हरकत नाही. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन नदी इथवर येते. बांधावरून पाणी पडते तिथे साबणासारखा फेस उठतो, कडेच्या झुडपांना प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत असतात आणि वास असा, की नवखा माणूस आधी रुमाल काढतो. आणि ह्याच पाण्यावर हिवाळ्यात चक्रवाक उतरतात. केशरी अंगाचे, फिकट डोक्याचे. लडाख-तिबेटकडून, मध्य आशियातून ते येतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हिमालय ओलांडणाऱ्या चक्रवाकांना यंत्रे लावून माग काढला होता, तर ते ६,८०० मीटरपर्यंत उंच गेल्याचे आढळले. एवरेस्टच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक उंची गाठणारे हे पाहुणे, आणि आपण त्यांना उतरायला देतो काय, तर गटार. पाहिले की मान खाली जाते.

त्यांच्याबरोबर थापट्या असतो, फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळत गोल फिरणारा. हळदी-कुंकू बदक असते. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका, म्हणून हळदी-कुंकू. ज्या कुणी हे नाव ठेवले, ती बाईच असली पाहिजे, असे माझी पत्नी म्हणते. पाण्यात लांब गुलाबी पायांवर शेकाट्यांचे थवेच्या थवे असतात. इथे एक खुलासा करायला हवा. "एवढे पक्षी आहेत म्हणजे नदी काही इतकी वाईट नाही," असे म्हणणारे मला दर महिन्याला एक तरी भेटतात. शेकाट्या चिखलातल्या अळ्या-किड्यांवर जगतो आणि सांडपाण्यात त्यांची वाण नसते. शेकाटे वाढले म्हणजे नदी सुधारली, हा निष्कर्ष उकिरड्यावर माशा वाढल्या म्हणून उकिरडा आरोग्यदायी मानण्यापैकी आहे.

तरी कवडीचे एक भाग्य आहे. ती लोकांना माहीत आहे. कॅमेरेवाल्यांची गर्दी होते, फरसाण उधळणारे येतात, हे खरे. पण हातमोजे घालून पोती भरभरून प्लास्टिक उचलणारी तरुण मुलेही मी तिथेच पाहिली आहेत. उद्या त्या बांधाचे कुणी काही वाईट करायला निघाला, तर ओरडणारी शे-दोनशे माणसे तरी निघतील. न सांगितलेल्या जागेला तेवढाही आधार नसतो.

आता घुबडाची गोष्ट.

२०१७ च्या जानेवारीत, याच फेरीचा एक फाटा धरून भटकताना, एका ओढ्याच्या उभ्या मातीच्या काठावर मला हुमा घुबडाची जोडी दिसली. कोंबड्याहून मोठे, डोक्यावर दोन शिंगांसारखे तुरे, नारिंगी डोळे. हे घुबड घरटे असे बांधतच नाही. दरडीच्या कपारीत जरा माती उकरून उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि मादी महिनाभर त्यांच्यावर बसून असते. आसपासच्या शेतांतले उंदीर-घुशी हेच त्यांचे मुख्य खाणे. म्हणजे शेतकऱ्याचे फुकटचे राखणदार. मी सायकल उसाला टेकवून समोरच्या काठावर तासभर बसलो. मादी डोळे अर्धवट मिटून माझ्याकडे बघत होती. एवढा आनंद एकट्याने पचवणे कठीण असते. घरी येऊन मी तीन मित्रांना पत्ता दिला. तिघेही सज्जन, तिघेही पक्षीप्रेमी.

त्यांच्यातल्या एकाने फोटो काढला आणि चार लोकांना दाखवला. पत्ता कुठेही लिहिला नव्हता, पण फोटोत मागे विजेचा मनोरा होता, टेकडीचा आकार होता. शोधणाऱ्याला तेवढे पुरते. पुढच्या रविवारी मी गेलो, तर ओढ्याच्या काठाला अकरा मोटारी उभ्या. मी मोजल्या. पांघरुणाच्या रंगाचे कपडे घातलेली माणसे, हातभर लांबीच्या भिंगांचे कॅमेरे, आणि आपसांत चाललेली कुजबुज, की डोळे मिटलेलेच आहेत, उघडले पाहिजेत. कुणीतरी खडा मारला. घुबडाला नव्हे, जवळच्या झुडपात. मादी उडाली. भर उजेडात घुबड उघड्यावर आले, की कावळे त्याला सोडत नाहीत. वीस-पंचवीस कावळ्यांनी तिला पार टेकडीपलीकडे पिटाळले. कपारीत तीन पांढरी अंडी उन्हात उघडी पडली होती, आणि त्यांचेही फोटो निघत होते.

आठवड्याने गेलो तेव्हा दोन अंडी होती. एकाला चीर गेली होती. मादी नव्हती. पुढच्या वर्षीही जोडी तिथे आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

त्या तिघांना मी दोष देत नाही. पहिला पत्ता मी दिला होता.

पक्ष्यांचा विचार बाजूला ठेवला तरी घुबडाचा पत्ता फुटणे ही साधी गोष्ट नाही. जादूटोण्यासाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, घुबडे पकडून विकली जातात. २०१० साली ट्रॅफिक या संस्थेने भारतातल्या या व्यापारावर अहवालच काढला होता. फोटोसाठी गेलेली गाडी ज्या वाटेने जाते, तीच वाट पिंजरेवाल्यालाही सापडते. अलीकडे कित्येक छायाचित्र-स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत. शहाणपणाचा निर्णय आहे.

यानंतर मी तोंड शिवून टाकले. आता न सांगण्याची हकिगत.

त्याच भागात थोडे दूर एक गायरान आहे. खडकाळ, मुरमाड, पावसाळ्यात घोट्याइतके गवत आणि उन्हाळ्यात तेही नाही. सातबाऱ्याच्या भाषेत अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात, बोलीत पडीक. मोटारीने जाणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण तिथली पाखरे जमिनीच्याच रंगाची आहेत. सायकल आडवी करून ढेकळावर बसावे. दहा मिनिटांनी एक ढेकूळ पळते. तो धाविक. तुरुतुरु धावतो, थबकतो, वाकून काहीतरी टिपतो आणि उभा राहिला की पुन्हा मातीत विरघळतो. जरा वेळाने डोंबारी चंडोल हवेत उसळ्या घेतो, कोलांट्या मारल्यासारखा खाली येतो आणि पुन्हा वर जातो. नाव अगदी चपखल आहे. अशी कितीतरी नावे रानातल्या, शिवारातल्या माणसांनी ठेवलेली. मारुती चितमपल्लींनी ती आयुष्यभर वेचून कोशात आणून ठेवली नसती, तर आपण सगळे इंग्रजी नावांचेच मराठी करत बसलो असतो. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा मला आधी हा चंडोल आठवला.

पाच वर्षे मी त्या गायरानावर जात होतो. धाविक, माळटिटवी, चंडोल सगळ्यांच्या नोंदी वहीत, तारीखवार. कुणाला अक्षर बोललो नाही. २०१९ च्या जूनमध्ये गेलो, तर गायरानावर एका रेषेत खड्डे. दोन हजार तरी असतील. एका संस्थेने वृक्षारोपण योजले होते. शाळेची मुले आली होती, गणवेशात, हातात गुलमोहर आणि गिरिपुष्पाची रोपे घेऊन. मुलांचे चेहरे इतके उत्साही होते की मला काय बोलावे कळेना. संयोजक भला माणूस. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटले, "साहेब, इथे धाविक अंडी घालतो. झाडं आली की तो जाईल."

"कोण?"

"धाविक. पक्षी आहे."

"त्याची कुठे नोंद आहे का?"

"माझ्या वहीत आहे."

ते हसले, पण कुचेष्टेने नव्हे. "अहो काका, वही कुणी बघितलीय? आधी सांगायचं होतं. आम्ही दुसरी जागा घेतली असती."

यावर काय बोलणार? झाड लावणारा माणूस चुकतो, असे म्हणायला आपली जीभ रेटत नाही. लहानपणापासून झाड म्हणजे पुण्य असेच आपण शिकलो. पण माळ म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. माळ हा माळच असतो आणि त्याची स्वतःची पाखरे, स्वतःचे ससे, स्वतःची खोकडे असतात. २०२३ साली भारतातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांचा आढावा घेणारा मोठा अहवाल निघाला. त्यात मोकळ्या माळरानातल्या पक्ष्यांची घट विशेष नोंदवली आहे. नीलपंखासारख्या, आपण सर्रास दिसणारा समजतो त्या पक्ष्याला धोक्याच्या यादीत घालावे का, याचा फेरविचार व्हावा असेही त्यात सुचवले आहे. अहवाल उभा होता तो तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर. त्यातले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे हौशी. त्यांनी आपल्या वह्या माझ्यासारख्या कपाटात ठेवल्या असत्या, तर हे कळले कसे असते?

तेव्हा सांगावे की लपवावे? माझ्यापुरता मी काढलेला तोडगा असा. जागा सांगायची, घरटे सांगायचे नाही. त्या शिवारात कोणकोणते पक्षी आहेत, कोणत्या महिन्यात आहेत, याची यादी मी आता सार्वजनिक नोंदींत घालतो. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत देतो, एक वनखात्याच्या कचेरीत. पोच घेतो. पुढे खड्डे खणायला कुणी आले, तर नोंद नव्हती असे म्हणता येऊ नये. अंडी-पिल्ले, कपार, फांदी यांतले मात्र काहीही पिल्ले उडून जाईपर्यंत कुठेच लिहीत नाही.

आणि ज्याला प्रत्यक्ष बघायचेच आहे, त्याने सायकलीवर यावे.

ही अट विक्षिप्त वाटते, पण तिने चाळणीचे काम होते. अठरा-वीस किलोमीटर पायडल मारून आलेला माणूस दमलेला असतो. तो बसतो, पाणी पितो, घाम पुसतो. बसला की त्याला दिसायला लागते. मोटारीतून उतरलेल्याला दहा मिनिटांत फोटो हवा असतो, कारण पुढे कुठेतरी मिसळ खायची असते. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई पहिल्यांदा आल्या त्या मुलीची लेडीज सायकल घेऊन. दोन रविवार त्यांना मी काहीही खास दाखवले नाही, कोतवाल आणि बगळेच दाखवले. तिसऱ्या रविवारी माळटिटवीचे पिल्लू त्यांनीच मला दाखवले. मी त्याच्यापासून दहा पावलांवर उभा होतो.

चाळणीला भोके आहेत, हेही कबूल करतो. घट्ट रंगीत कपड्यांत, पाठीवर भोंगा लावून गाणी वाजवत तीस-तीस जणांचे थवे सायकलीवरून जातात. त्यांच्यापुढे एखादी मोटार परवडली. उलट, ज्यांचे गुडघे गेले आहेत त्यांनी काय करायचे? आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांना चक्रवाक बघायचे होते, तर मीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेले. आणि सोलापूर रस्त्यावर दहा वर्षांच्या मुलाला सायकल घेऊन चला, असे मी कुठल्याही आईला सांगणार नाही. शहरातून बाहेर पडायला सायकलीला धड वाट नाही, ही तक्रार पाखरांच्या तक्रारीइतकीच जुनी आहे. भिगवणला शंभर किलोमीटर मोटार हाकत जाऊन रोहित बघणारी कुटुंबे मी नावे ठेवण्यासाठी आठवत नाही. मला एवढेच वाटते, की घरापासून सायकलीच्या टप्प्यात काय आहे, हे एकदा तरी बघून ठेवावे. ते गेले तर आपल्यावाचून दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

गेल्या एप्रिलात त्याच शिवारातून परत येत होतो. चक्रवाक निघून गेले होते, ऊन कडक झाले होते. समोरून वस्तीवरचा एक मुलगा वडलांच्या उंच सायकलीच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत आला. माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून थांबला.

"पाखरं बघताय?"

"हो."

त्याने मला खालीवर न्याहाळले. मग सायकलही न्याहाळली. तिचे मडगार्ड तारेने बांधलेले होते, त्याचा बहुधा चांगला परिणाम झाला. "चला," म्हणाला. बांधाच्या कडेने वीस-तीस पावले नेले आणि हात आडवा धरून मला थांबवले. समोर नुसते खडे. डोक्यावर टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालत होती. तो बोटाने दाखवत राहिला, मला काही दिसेना. मग खड्यांतले चार खडे निराळे दिसले. मातकट, काळे ठिपके असलेले, टोके आत वळवून ठेवलेले.

"मागच्या टायमाला पोरांनी फोडली," तो म्हणाला. "कुनाला सांगू नका, काका."

"नाही सांगत."

माझा हात सवयीने खिशाकडे गेला होता. त्याने तो बघितला. "फोटू बी नका काढू."

मी फोन परत खिशात सरकवला. आम्ही आल्या वाटेने मागे सरलो. टिटवी खाली उतरली, जरा लांबच. उगीच इकडे तिकडे चालल्यासारखे करत, मग एकदम त्या खड्यांवर जाऊन बसली. मुलाने सायकल वळवली.

"पुढच्या रविवारी येनार का?"

"येतो की."

"सकाळचं या. दुपारी मी शेरडं घेऊन जातो."